पंचवीस पौंडांचा सौदा : सर आर्थर कॉनन डॉईल यांची जीवनकथा

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी फार काळ नांदत नाहीत, असा समज आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. त्यामुळे घरातील एखादा मुलगा गोष्टी-कादंबऱ्या लिहू लागला, म्हणजे वडीलधारी मंडळी आरंभी चार कौतुकाचे शब्द बोलतात आणि लागलीच, यातून मिळते काय, असे विचारतात. प्रश्न रोकडा असला तरी गैर नाही. ज्याने महिनाअखेरचा हिशेब केला आहे त्याला हे सांगावयास नको. त्यातून खुनांच्या तपासाच्या आणि गुप्त पोलिसांच्या गोष्टी लिहिणाऱ्या ग्रंथकाराविषयी तर लोकांत दोन परस्परविरुद्ध समज आढळतात. विद्वान मंडळी त्याला ग्रंथकारच मानावयास तयार नसतात. आणि सामान्य वाचक असे धरून चालतात की, ज्याच्या पुस्तकांवर एवढ्या उड्या पडतात तो खोऱ्याने पैसा ओढीत असला पाहिजे. या दोन्ही समजांची परीक्षा ज्या एका चरित्रात उत्तम होते, ते चरित्र शेरलॉक होम्स या जगप्रसिद्ध गुप्तहेराचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल यांचे होय. होम्सच्या कथा आपल्यापैकी पुष्कळांनी मूळ इंग्रजीतून अथवा कै. भालबा केळकर यांच्या मराठी अनुवादांतून वाचल्या असतील. येथे मात्र कथांपेक्षा त्यांच्या जमाखर्चाकडे अधिक लक्ष देण्याचे योजिले आहे.

डॉईल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. घराणे मूळचे आयरिश, रोमन कॅथलिक पंथाचे. आजोबा लंडनमधील नामांकित व्यंगचित्रकार. एक चुलते ‘पंच’ साप्ताहिकाचे चित्रकार. वडील चार्ल्स यांच्याही बोटांत कला होती, परंतु तिच्यावर पोट भरण्याइतकी व्यवहारदृष्टी नव्हती. सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी साधी नोकरी धरली व वर्षाला तीनशे पौंडांचा टप्पा त्यांना कधीच गाठता आला नाही. पुढे मद्याचे व्यसन जडले, नोकरी सुटली आणि आयुष्याची अखेरची वर्षे रुग्णालयांच्या भिंतीआड गेली. सात मुलांचा संसार आई मेरी यांच्या एकटीच्या शिरावर पडला. घरात भाडेकरू ठेवून त्या माउलीने प्रपंच रेटला. चुलीपाशी काम करता करता ती मुलांना जुन्या शूर सरदारांच्या कथा रंगवून सांगे. डॉईल यांच्या लेखणीचे मूळ या चुलीपाशी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

धनवान चुलत्यांच्या मदतीने मुलाचे शालेय शिक्षण स्टोनीहर्स्ट येथील जेझुइटांच्या शाळेत झाले. १८७६ साली त्याने एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. वर्षाचा अभ्यास निम्म्या वेळात उरकावयाचा आणि उरलेल्या महिन्यांत कोणा डॉक्टरच्या हाताखाली राहून चार पैसे मिळवावयाचे, असा त्याचा क्रम होता. याच विद्यापीठात डॉ. जोसेफ बेल हे शस्त्रवैद्य प्राध्यापक होते. रोगी दारातून आत येताच त्याच्या चालण्यावरून, हातांवरील घट्ट्यांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून तो कोण, कोठला, काय धंदा करणारा हे सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. बाह्यरुग्णांची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी डॉईलला दिले होते. पुढे होम्स जन्मास आला तो या गुरूच्या रूपाने. गुरुऋण डॉईल यांनी कधी लपविले नाही; होम्सकथांचा पहिला संग्रह त्यांनी बेल यांनाच अर्पण केला आहे.

लेखनाची पहिली कमाई १८७९ सालची. ‘चेंबर्स जर्नल’ या नियतकालिकाने एका कथेबद्दल तीन गिन्या पाठविल्या. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, अर्थात एक पौंड व वर एक शिलिंग. दुसऱ्याच वर्षी अभ्यास बाजूस ठेवून हा विद्यार्थी ‘होप’ नावाच्या, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रात गेला. परत आल्यावर सुमारे पन्नास पौंडांची मिळकत त्याने आईच्या हाती ठेविली. तीन गिन्या आणि पन्नास पौंड! लेखणीने पोट भरेल असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्याने स्वतःच ते हसण्यावारी नेले असते.

१८८१ साली पदवी मिळाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची एक जलयात्रा आणि प्लिमथ येथील एका विक्षिप्त सहाध्यायाशी अयशस्वी भागीदारी, एवढे झाल्यावर १८८२ च्या उन्हाळ्यात डॉईल पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावी आले. खिशात दहा पौंडही नव्हते. वास्तविक त्यांना एक सोपा मार्ग उपलब्ध होता. लंडनचे चुलते तेथील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांना शिफारसपत्र द्यावयास तयार होते आणि त्या एका पत्राने पंथातील सारी कुटुंबे दवाखान्यात आली असती. परंतु डॉईल यांची त्या धर्मावरील श्रद्धा त्यापूर्वीच उडाली होती. जी श्रद्धा मनात नाही तिच्या जोरावर रोगी मिळवावयाचे नाहीत, असे ठरवून त्यांनी ते पत्र नाकारले. तेवीस वर्षांच्या निर्धन तरुणाने असे करावे, ही गोष्ट त्याच्या साऱ्या कथांपेक्षा आम्हाला मोठी वाटते.

वर्षाला चाळीस पौंड भाड्याचे घर घेतले. रोग्यांच्या दृष्टीस पडेल तेवढ्या खोलीपुरते सामान लिलावात विकत घेतले. वरच्या मजल्यावर बसावयास पेटी होती. दाराबाहेरची पितळी पाटी शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून डॉक्टरसाहेब ती रात्री स्वतः घासून लखलखीत करीत. आईने धाकटा भाऊ इन्स याला सोबतीस धाडले. दहा वर्षांचा तो पोर रोग्यांना दार उघडी. गावातील एका वाण्यास फेफऱ्याचा विकार होता. त्याला झटका आला, की औषधाच्या बदल्यात डॉक्टरांकडे चहा आणि लोणी येई. परदुःखाने आपले घर चालावे हे वैद्याच्या धंद्यातले कडू सत्य डॉईल यांनी पुढे आत्मचरित्रात हसत हसत नमूद केले आहे. पहिल्या वर्षाची प्राप्ती १५४ पौंड झाली, दुसऱ्या वर्षाची २५०. त्यानंतर ती तीनशेच्या घरात जाऊन तेथेच थांबली. पहिल्या वर्षी प्राप्तिकराच्या कागदावर त्यांनी कर भरण्याजोगे उत्पन्न नसल्याचे लिहिले, तेव्हा अधिकाऱ्याने हे अत्यंत असमाधानकारक आहे असा शेरा मारून कागद परत पाठविला. डॉक्टरांनी त्याखाली, आपलेही मत हेच आहे, अशा अर्थाची ओळ लिहून तो पुन्हा रवाना केला.

रोगी नसत त्या वेळात लेखन चाले. मासिके एका कथेला सरासरी चार-पाच पौंड देत. १८८४ साली ‘कॉर्नहिल’ या प्रतिष्ठित मासिकाने एका कथेबद्दल २९ गिन्या दिल्या, म्हणजे नऊ महिन्यांचे घरभाडे एका हप्त्यात! तथापि त्या मासिकात लेखकाचे नाव छापण्याची रीत नव्हती. टीकाकारांनी कथा वाखाणली, पण ती स्टीव्हन्सनची असावी असा तर्क केला. पैसा मिळाला, नाव दुसऱ्याच्या पदरी पडले. अशी दहा वर्षे गेली व त्या दहापैकी एकाही वर्षी लेखणीची मिळकत पन्नास पौंडांपर्यंत पोहोचली नाही. १८८५ मध्ये लुइझा हॉकिन्स या सुशील मुलीशी विवाह झाला. तिचे स्वतःचे वर्षाला शंभर पौंड उत्पन्न होते; त्यामुळे घरात थोडी स्वस्थता आली. सुटी गोष्ट कितीही चांगली असली तरी मासिक जुने होताच ती विसरली जाते, पुस्तकाच्या पाठीवर नाव छापले गेले तरच ते टिकते, हे आता डॉईल यांच्या मनाने घेतले.

१८८६ च्या वसंत ऋतूत त्यांनी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी लिहिली. होम्स आणि डॉ. वॉटसन यांचा जन्म या कादंबरीत झाला. लेखकास ती आपली उत्तम कृती वाटत होती. प्रकाशकांस वाटली नाही. ‘कॉर्नहिल’च्या संपादकाने ती एका अंकास मोठी आणि पुस्तकास लहान असल्याचे सांगितले. एकाने बाड न उघडताच परत केले. आणखी एकाने घेतले नाही. अखेर वॉर्ड, लॉक या स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचे उत्तर आले. या वर्षी बाजारात स्वस्त कादंबऱ्यांची गर्दी झाली आहे, सबब ती पुढील वर्षी छापू; आणि सर्व स्वामित्व हक्कांबद्दल एकरकमी २५ पौंड देऊ. त्या वेळच्या भावाने ही रक्कम साडेतीनशे रुपयांच्या आसपास होते.

डॉईल यांना हे बोचले. विक्रीवर काही टक्के रॉयल्टी मिळावी अशी विनंती त्यांनी केली. प्रकाशकाने ती साफ नाकारली. शेवटी नाव तरी लोकांपुढे येईल, या एका आशेने त्यांनी नोव्हेंबर १८८६ मध्ये करारावर सही केली. कादंबरी १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’ या एक शिलिंग किमतीच्या नाताळ अंकात प्रसिद्ध झाली आणि अंक नाताळपूर्वीच खपला. दुसऱ्या वर्षी स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यातील चित्रे रुग्णालयात असलेल्या वडिलांनी काढली. पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. शेरलॉक होम्स हे नाव आबालवृद्धांच्या तोंडी झाले. परंतु या पहिल्या पुस्तकाबद्दल त्या २५ पौंडांव्यतिरिक्त एक पेनीही आपणास मिळाली नाही, असे डॉईल यांनी लिहून ठेविले आहे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, त्या शिलिंगी नाताळ अंकाची एक प्रत २००७ साली न्यूयॉर्क येथे सोदबी या लिलावसंस्थेत १,५६,००० डॉलरला विकली गेली. अर्थात तो पैसाही लेखकाच्या घरी गेला नाही.

या सौद्यात डॉईल एकटेच नव्हते. त्याच १८८६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी फर्गस ह्यूम नावाच्या एका वकिलाच्या कारकुनाने ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ ही रहस्यकादंबरी स्वखर्चाने छापली. ती हातोहात खपली. उत्साहाच्या भरात त्याने तिचे हक्क ५० पौंडांस विकून टाकले. पुढे इंग्लंडात तिच्या लाखो प्रती खपल्या, त्या सर्व खरेदीदारांच्या लाभासाठी. रहस्यकथेचा आद्य प्रवर्तक जो अमेरिकेचा एडगर ॲलन पो, तो तर १८४९ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी दारिद्र्यातच गेला. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. वर्गात बाकाखाली धरून कोणते पुस्तक वाचले जात आहे, हे शिक्षकास ते न पाहताही कळते, आणि आमच्या पिढीत ते बहुधा अर्नाळकरांचेच असे. एवढा वाचक लाभलेल्या लेखकाच्या कष्टांचा मोबदला किती, हा प्रश्न त्या बाकाखालच्या वाचकास कधी पडत नाही. लिहिणाऱ्या तरुणांच्या पालकांनी मात्र तो विचारावा. पुस्तक किती खपले यापेक्षा त्याचे हक्क कोणाच्या नावावर आहेत, हे अगोदर पाहावे.

होम्सची दुसरी कादंबरी इंग्लंडमुळे नव्हे, अमेरिकेमुळे झाली. ऑगस्ट १८८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘लिपिन्कॉट’ मासिकाचे प्रतिनिधी लंडनला आले आणि त्यांनी लँगहॅम हॉटेलात दोन होतकरू लेखकांना भोजनास बोलाविले. एक डॉईल, दुसरे ऑस्कर वाइल्ड. त्या एका भोजनातून वाइल्ड यांची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ आणि डॉईल यांची ‘द साइन ऑफ फोर’ अशा दोन कादंबऱ्या निर्माण झाल्या. डॉईल यांना शंभर पौंड मिळाले, पहिल्यापेक्षा चौपट. परंतु परदेशी ग्रंथकाराच्या हक्कांना अमेरिकेत तोवर कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १ जुलै १८९१ पासून मिळू लागले. तत्पूर्वीची पुस्तके तेथे कोणीही छापावी व विकावी. लेखकास दिडकी देण्याचे बंधन नाही. होम्सच्या या दोन्ही कादंबऱ्यांच्या चोरट्या आवृत्त्या अमेरिकेत मुबलक निघाल्या. त्यांनी लेखकाचा खिसा भरला नाही. पण पुढे जो अमेरिकन वाचक त्याच्या नावासाठी वाटेल ती किंमत मोजावयास तयार झाला, तो मात्र त्यांनीच घडविला.

याच सुमारास घरात एक दुःखद घटना घडली. डॉईल यांची थोरली बहीण ॲनेट पोर्तुगालमध्ये श्रीमंतांच्या मुलांना शिकविण्याची नोकरी करीत होती आणि आपल्या पगारातून आईस पैसे पाठवीत होती. भावाला बरे दिवस येताच तिला घरी आणावयाचे, हा बेत होता. जानेवारी १८९० मध्ये ती लिस्बनला इन्फ्लुएन्झाने वारली. बरे दिवस अवघ्या दीड वर्षाच्या अंतरावर होते. मागाहून डॉईल यांनी दुसऱ्या दोन बहिणींना पोर्तुगालमधून परत आणले. त्यांपैकी कॉनी हिचा विवाह ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांच्याशी झाला. हे मेहुणे पुढे रॅफल्स नावाच्या सभ्य चोराच्या कथा लिहून प्रसिद्ध झाले. एका घरात चोर आणि त्याला पकडणारा, दोघांचेही जनक!

१८९० च्या अखेरीस डॉईल यांनी साउथसीचा दवाखाना बंद केला आणि १८९१ मध्ये व्हिएन्ना येथे थोडा काळ नेत्रवैद्यकाचे धडे घेऊन लंडनमध्ये अप्पर विम्पोल स्ट्रीटवर खोल्या घेतल्या. एक रोग्यांनी वाट पाहण्याची, दुसरी तपासणीची. रोगी एकही आला नाही. दोन्ही खोल्या आपल्या स्वतःच्या वाट पाहण्याच्याच ठरल्या, असे ते पुढे विनोदाने सांगत. त्या रिकाम्या खोलीत त्यांना एक युक्ती सुचली. मासिकातील क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला, की वाचकाचा धागा तुटतो. सुट्या कथांत वाचक गुंतत नाही. मग नायक एकच, पण दर अंकातील कथा पूर्ण, असे का करू नये? जॉर्ज न्यून्स यांचे ‘स्ट्रँड’ मासिक त्याच वर्षी निघाले होते. मध्यस्थ ए. पी. वॉट यांच्यामार्फत कथा तेथे गेल्या आणि जुलै १८९१ च्या अंकापासून होम्सकथा सुरू झाल्या. पहिल्या सहा कथांचे प्रत्येकी साधारण ३५ पौंड मिळाले.

यापूर्वी लेखक आपल्या गरजेने प्रकाशकाकडे जात होता. आता प्रकाशक लेखकाकडे येऊ लागला. मे १८९१ मध्ये डॉईल इन्फ्लुएन्झाने अंथरुणाला खिळले असता, नाही चालत ती वैद्यकी कायमची सोडावयाची आणि केवळ लेखणीवर जगावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. त्या आनंदात अशक्त हाताने रुमाल छतापर्यंत उडविला, असे त्यांनी लिहिले आहे. ‘स्ट्रँड’ने आणखी कथा मागितल्या, तेव्हा त्यांनी लहान-मोठी कशीही असो, दर कथेस ५० पौंड, असा भाव सांगितला. तो तत्काळ मान्य झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस होम्सला मारून टाकण्याचा विचार त्यांनी आईला कळविला. आईने सक्त मनाई केली, आणि वर एका नव्या कथेची कल्पनाही सुचविली. पुन्हा मागणी आली. ती टळावी म्हणून त्यांनी बारा कथांचे एक हजार पौंड मागितले. इतके कोणी देणार नाही, असा त्यांचा कयास होता. प्रकाशकाने ते निमूटपणे दिले! साउथसीच्या तीन वर्षांच्या संपूर्ण प्राप्तीहून ही रक्कम मोठी आहे.

मग त्यांना होम्स का नकोसा झाला? त्याचे कारण असे की, डॉईल यांना आपले खरे कार्य ऐतिहासिक कादंबऱ्यांत दिसत होते. ‘मायका क्लार्क’, ‘द व्हाइट कंपनी’ यांसाठी त्यांनी शेकडो ग्रंथ चाळले होते. त्यांची स्तुती होई, पण वाचक विचारीत ते होम्सविषयी. त्यातच १८९३ साली पत्नीस क्षय झाल्याचे निदान झाले व वडीलही वारले. डिसेंबर १८९३ च्या अंकात स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यात होम्सचा अंत झाला. वीस हजारांवर वर्गणीदारांनी ‘स्ट्रँड’ बंद केले, असे म्हणतात. पैसा देणारी दुभती गाय स्वखुशीने दावणीतून सोडून देणारा ग्रंथकार विरळा. डॉईल लोभी होते असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

होम्सविना गेलेल्या आठ वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. १८९४ मध्ये त्यांनी अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा केला आणि त्यात मिळालेले सुमारे पाच हजार डॉलर डबघाईस आलेल्या मॅक्ल्युअर या प्रकाशकास देऊन त्याचे मासिक वाचविले. पत्नीस हवा मानवावी म्हणून हाइंडहेड येथे घर बांधले. विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने १८९९ साली होम्सवर नाटक रचले. होम्सचे लग्न लावू काय, असे त्याने तारेने विचारता, वाटेल ते करा, असे उत्तर गेले. १९०० मध्ये बोअर युद्धात ते स्वयंसेवक डॉक्टर म्हणून गेले आणि इंग्रजांच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. तिच्या लाखो प्रती सहा पेन्सांना विकल्या गेल्या. तिच्यातून एक पैही त्यांनी स्वतःकडे ठेविली नाही. साम्राज्याचे ते समर्थन आपणास रुचणारे नव्हे, पण लेखकाची निःस्पृहता मान्य करावयास हवी. १९०२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

१९०१ साली फ्लेचर रॉबिन्सन या तरुण मित्राने एका भुताच्या कुत्र्याची दंतकथा सांगितली व त्यातून कादंबरीचा विषय निघाला. तीत होम्स असावा असे आरंभी ठरले नव्हते. त्यांनी ‘स्ट्रँड’पुढे दोन दर ठेविले : होम्सशिवाय हजार शब्दांस ५० पौंड, होम्ससहित १००. संचालकांनी दुसरा दर पत्करला. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ साठ हजारांच्या आसपास शब्दांची आहे. वाचकांनी गुणाकार करावा. केवळ एका नावाची किंमत किती, याचा इतका स्वच्छ हिशेब वाङ्मयाच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. मित्राच्या साह्याची कबुली मात्र त्यांनी पहिल्याच हप्त्यात छापून दिली.

आणि १९०३ मध्ये अमेरिकेच्या ‘कोलिअर्स’ साप्ताहिकाने होम्स जिवंत करण्यासाठी जी रक्कम देऊ केली ती अशी : सहा कथांस २५,००० डॉलर, आठांस ३०,०००, तेरांस ४५,०००, आणि तीही फक्त अमेरिकेपुरत्या हक्कांसाठी. इंग्लंडमध्ये ‘स्ट्रँड’चे हजार शब्दांस शंभर पौंड वेगळे. डॉईल यांनी एका कार्डावर दोन शब्दांत होकार कळविला. तेरा कथा झाल्या. तेव्हाच्या भावाने दर कथेचे केवळ अमेरिकेतून सातशेहून अधिक पौंड येतात. सबंध पहिल्या कादंबरीचे, साऱ्या जगाच्या हक्कांसकट, २५! मधल्या सतरा वर्षांत लेखकाची बुद्धी अठ्ठावीस पटींनी वाढली होती काय? ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधील होम्स आणि ‘कोलिअर्स’मधील होम्स एकच आहेत. बदलली होती ती फक्त करार करणाऱ्याची स्थिती.

पैशाच्या बाबतीत त्यांचे सारेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. १९१० मध्ये त्यांनी लंडनचे एक नाट्यगृह भाड्याने घेतले. मुष्टियुद्धावरील नाटक पडले व रोज नुकसान होऊ लागले. तेव्हा पंधरवड्यात ‘द स्पेकल्ड बँड’ हे होम्सचे नाटक लिहून त्यांनी तोटा भरून काढला. चलच्चित्रांचे हक्क एका फ्रेंच कंपनीला किरकोळ किमतीस विकले आणि नंतर तेच बरोबर दसपट किमतीस परत घ्यावे लागले. पंचवीस पौंडांच्या सौद्याने पोळलेल्या माणसाने पुन्हा तसाच सौदा करावा, याचे नवल वाटते. परंतु नव्या वस्तूची किंमत आरंभी कोणासच कळत नसते.

आता एका प्रकरणाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण त्याचा मुंबईशी संबंध आहे. शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ते ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधील ग्रेट वायर्ली या खेड्यात पाद्री झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज हा सॉलिसिटर. रात्री जनावरांना भोसकल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटका झाली, पण कलंक गेला नाही आणि व्यवसायही बुडाला. डॉईल त्याला भेटावयास गेले तेव्हा तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ, तिरपे धरून वाचीत होता. नेत्रवैद्यक शिकलेल्या डॉईल यांनी क्षणात ओळखले की, हा माणूस काळोखात शेते ओलांडून जाणे शक्य नाही. होम्सचे हजार शब्द शंभर पौंडांच्या हिशेबाने विकले जात असताना त्यांनी अनेक महिने आपले काम बाजूस ठेवून तपास केला आणि जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहिले. त्या लेखांवर आपला स्वामित्व हक्क नाही, ते कोणीही पुन्हा छापावे, असे त्यांनी मुद्दाम जाहीर केले. मे महिन्यात जॉर्ज निर्दोष ठरला. सरकारने नुकसानभरपाई मात्र दिली नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचे न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने स्थापन झाले, त्यास हे प्रकरण पुष्कळसे कारण झाले. ज्याने पंचवीस पौंडांत सर्व हक्क गमावले, त्याने योग्य वेळी आपले हक्क फुकट सोडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पत्नी लुइझा १९०६ साली निवर्तली. पुढील वर्षी त्यांनी जीन लेकी यांच्याशी विवाह केला. महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, तरुण मुलगा किंग्ज्ली आजाराने गेला. परलोकाशी बोलता येते, या मतावर त्यांची श्रद्धा त्यापूर्वीच बसू लागली होती. आता त्या प्रचारास त्यांनी स्वतःस वाहून घेतले. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आफ्रिका येथे दौरे केले. १९२५ मध्ये लंडनला त्या विषयाच्या ग्रंथांचे दुकान काढले व त्याचा तोटा खिशातून सोसला. पऱ्यांच्या खोट्या छायाचित्रांवरही त्यांनी विश्वास ठेविला. होम्सने क्षणात हाणून पाडले असते ते त्याच्या जनकाला खरे वाटले, ही गोष्ट वाचताना वाईट वाटते. पण या कार्याला लागणारा पैसा पुन्हा होम्सच पुरवीत होता. शेवटची होम्सकथा १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण कथा ५६ व कादंबऱ्या ४.

७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथील राहत्या घरी सर आर्थर यांचे निधन झाले. मागे सुमारे ६३ हजार पौंडांची मालमत्ता राहिली. ती सुखवस्तू गृहस्थाची म्हणता येईल, कुबेराची नव्हे. पाच अपत्यांपैकी कोणासही मूलबाळ झाले नाही. इंग्लंडमधील हक्कांची मुदत १९८० साली संपली, नव्या कायद्याने १९९६ मध्ये ती पुन्हा जिवंत झाली आणि २००० च्या अखेरीस कायमची सरली. अमेरिकेत शेवटच्या कथांवरील हक्क १ जानेवारी २०२३ रोजी संपुष्टात आला, आणि तेव्हापासून शेरलॉक होम्स तेथेही कोणासही फुकट छापता येतो.